नाकारलेले आणि उपेक्षिलेले : ‘नेग्लेक्टेड’ या विशेषणाचा अर्थव्यवहार

शेक्सपिअरच्या ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ या नाटकाच्या दुसऱ्या अंकात ऑक्टेव्हियस सीझर अँटनीवर शपथभंगाचा आरोप ठेवतो. मागणी होताच शस्त्रे आणि साहाय्य पाठवीन, असे वचन अँटनीने दिले होते. प्रत्यक्षात मागणी झाली तेव्हा त्याने ते नाकारले, असे सीझरचे म्हणणे. अँटनी आरोप फेटाळत नाही. तो फक्त क्रियापद बदलून मागतो. ‘नाकारले’ म्हणण्यापेक्षा ‘नेग्लेक्टेड’ म्हणा, असे त्याचे उत्तर आहे, आणि त्या दिवसांत आपण आपल्या शुद्धीत नव्हतो, अशी पुस्तीही तो लगोलग जोडतो. साहाय्य पोहोचले नाही, ही वस्तुस्थिती दोन्ही शब्दांत सारखीच राहते. बदलतो तो दोषाचा दर्जा. नाकारण्यामागे संकल्प असतो. ‘नेग्लेक्ट’मध्ये केवळ राहून जाणे असते. हा शब्द ज्याच्यावर अन्याय झाला त्याने उच्चारलेला नाही, ज्याच्याकडून झाला त्याने उच्चारलेला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

‘नेग्लेक्टेड’ या विशेषणाचा विचार येथे करावयाचा आहे तो या संवादाच्या अनुषंगाने. मराठी समीक्षेत ‘उपेक्षित’ हा शब्द आपण गेली कित्येक दशके सढळ हाताने वापरीत आलो आहोत : उपेक्षित कवी, उपेक्षित वाङ्मयप्रकार, उपेक्षित समाज, उपेक्षितांचे साहित्य. या शब्दाची आजची अर्थच्छटा संस्कृतातून सरळ आलेली नसून इंग्रजी विशेषणाच्या सहवासात घडली आहे, असे माझे मत आहे. मात्र हा सहवास अर्धामुर्धाच राहिला. इंग्रजी शब्दातील कणव आपण उचलली. त्यात दडलेले कर्तव्याचे ओझे तेवढे मागे राहिले.

लॅटिन ‘नेग्लेगेरे’ या धातूत ‘न’काराचा अंश आणि ‘लेगेरे’ हा धातू यांचा संयोग आहे. ‘लेगेरे’ म्हणजे वेचणे, निवडणे, आणि त्यातूनच पुढे वाचणे. ‘कलेक्ट’, ‘सिलेक्ट’, ‘इलेक्ट’, ‘लेक्चर’ ही सगळी याच कुळातील मंडळी. तेव्हा ‘नेग्लेक्टेड’ म्हणजे मुळात न वेचलेले, न निवडलेले आणि, थोडी मोकळीक घेऊन म्हणायचे तर, न वाचलेले. याच धातूपासून इंग्रजीत तीन विशेषणे नांदतात आणि त्यांच्यातील अंतर समीक्षकाने विसरू नये असे आहे. ‘नेग्लिजन्ट’ हे हयगय करणाऱ्याचे विशेषण; ‘नेग्लेक्टेड’ ज्याची हयगय झाली त्याचे; आणि ‘नेग्लिजिबल’ ज्याची हयगय केली तरी चालेल त्याचे. आपल्याकडे उपेक्षक, उपेक्षित आणि उपेक्षणीय अशी समांतर मालिका सहज उभी करता येते. ‘उपेक्षित’ ही घडलेल्या गोष्टीची नोंद आहे, ‘उपेक्षणीय’ हा मूल्यनिर्णय आहे. वाङ्मयाच्या इतिहासात पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर फार गुपचूप होते. एखाद्या ग्रंथाचा उल्लेख दोन इतिहासकारांनी टाळला की तिसरा तो टाळण्याजोगाच होता असे गृहीत धरून चालतो. मालिकेतील पहिले पद, उपेक्षक, तर आपल्या समीक्षेत क्वचितच आढळते.

दैनंदिन इंग्रजीत या विशेषणाचा पल्ला विलक्षण मोठा आहे. तण माजलेली बाग ‘नेग्लेक्टेड’ असते, कीड लागलेले दात असतात, उत्तर न दिलेली पत्रे असतात. मेजवानीत यजमानीण एखाद्या पाहुण्याजवळ येऊन, मी तुमच्याकडे पाहिलेच नाही, असे म्हणते तेव्हा याच धातूचा उपयोग करते, आणि उपाशी ठेवलेल्या मुलाविषयी न्यायालय बोलते तेव्हाही हाच धातू येतो. रिकाम्या पेल्यापासून रिकाम्या पोटापर्यंत पसरलेल्या या सर्व उपयोगांना जोडणारा धागा कोणता? एक तर वस्तू अगर व्यक्ती कोणाच्या तरी माहितीत असावी लागते. दुसरे असे की तिची काळजी घेणे त्या कोणाचे तरी काम असावे लागते. रानातल्या झाडाला इंग्रज माणूस ‘नेग्लेक्टेड’ म्हणत नाही. बागेतल्या झाडाला म्हणतो, कारण बागेला माळी असतो, निदान असायला हवा असतो. हे विशेषण कर्ता झाकते हे खरे, पण कर्त्याची जागा रिकामी ठेवून झाकते. ऐकणाऱ्याच्या मनात ‘कोणी?’ हा प्रश्न उरतोच.

मराठी बोलीत या जागी एकच शब्द नाही, आणि हे दारिद्र्य मुळीच नव्हे. पोराची आबाळ होते, दुखणेकऱ्याची हेळसांड होते, कामात हयगय होते, म्हातारपणी माणसाची परवड होते. कोणी कानाडोळा करतो, कोणी डोळेझाक करतो, कोणी वाऱ्यावर सोडतो. यांतील ‘आबाळ’ हा शब्द मोठा बोलका आहे. ‘आई आजारी पडली आणि पोराची आबाळ झाली’ या वाक्यात दोष कोणालाच दिलेला नाही. परिस्थितीच तशी होती. ‘डोळेझाक केली’ म्हटले की मात्र डोळे कोणाचे, हे सांगावेच लागते. बोलीने अशा रीतीने निर्दोष आणि सदोष दुर्लक्ष यांची वाटणी क्रियापदांतच करून ठेवली आहे. आणखी एक गंमत अशी की यांपैकी कशाचेही माणसाला कायमचे चिकटणारे विशेषण होत नाही. आबाळ झालेला पोरगा उद्या बरा होऊन खेळू लागतो; ‘उपेक्षित’ झालेला माणूस उपेक्षितच राहतो. अपवाद एका ‘टाकलेली’चा. नवऱ्याने टाकलेल्या बाईला हे धातुसाधित आयुष्यभर चिकटते, पण तेथे कर्ता कोण हे गावात कोणाला विचारावे लागत नाही.

‘नेग्लेक्टेड’मधील कर्तव्याचा अंश इंग्लंडच्या कायद्याने पुढे उघडच केला. १८६८ सालच्या गरीब-कायद्याच्या दुरुस्तीने पोटच्या मुलांना अन्न, वस्त्र, औषधपाणी देण्यात बुद्धिपुरस्सर कसूर करणे हा अपराध ठरविला. १८८९ सालच्या बालसंरक्षण कायद्याने आणि त्यानंतर १९३३ सालच्या कायद्याने मारहाण, छळ, परित्याग यांच्या पंक्तीला ‘नेग्लेक्ट’ बसविले. म्हणजे अँटनीने ज्या शब्दाचा आडोसा घेतला होता तोच शब्द आरोपपत्रात आला. आपल्याकडे १९८६च्या बालन्याय अधिनियमात ‘नेग्लेक्टेड जुव्हेनाइल’ ही संज्ञा होती. २००० सालच्या अधिनियमाने ती काढून ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक’ ही संज्ञा घातली, आणि २०१५च्या अधिनियमातही तीच राहिली. नवी संज्ञा सौम्य आहे, बालकाच्या प्रतिष्ठेला जपणारी आहे, यात शंका नाही. तरीपण बालकाची गरज सांगताना ती कोणाच्या कसुरीतून उत्पन्न झाली, हा प्रश्न तिने संज्ञेच्या बाहेर काढला, हेही तितकेच खरे.

इंग्रजी वाङ्मयात या विशेषणाच्या दोन वाटा अठराव्या शतकाच्या मध्यावर, अवघ्या चार वर्षांच्या अंतराने, स्पष्ट दिसतात. टॉमस ग्रेची प्रसिद्ध विलापिका १७५१ साली छापली गेली. खेड्यातील स्मशानभूमीत पुरलेल्या अनाम माणसांत एखादा मूक मिल्टनही असेल, असे तिच्यात सुचविले आहे, आणि ज्या मातीत ते निजले आहेत तिला ग्रेने ‘नेग्लेक्टेड’ हे विशेषण लावले आहे. ती उपेक्षा कोणी केली? कवितेत उत्तर आहे ते दारिद्र्य आणि नियती यांचे. आरोपी कोणी नाही, म्हणून वाचकाला निर्वेधपणे गहिवरता येते. १७५५च्या फेब्रुवारीत सॅम्युएल जॉन्सनने लॉर्ड चेस्टरफील्डला लिहिलेले पत्र याच्या नेमके उलट आहे. शब्दकोशाची योजना जॉन्सनने १७४७ साली या सरदाराला उद्देशून प्रसिद्ध केली होती. नंतरची सात वर्षे त्याला आश्रयदात्याच्या बाहेरच्या दालनात तिष्ठण्यापलीकडे काही लाभले नाही, आणि कोश पूर्ण होत आल्यावर मात्र चेस्टरफील्डने त्याच्या स्तुतीचे दोन लेख लिहिले. आपल्या हातून होण्यासारखे सर्व केल्यावर त्या सर्वस्वाकडे, ते कितीही थोडे असो, दुर्लक्ष झालेले कोणाला रुचत नाही, असे जॉन्सन त्याला कळवितो. धातू तोच, पण येथे पत्रावर पत्ता आहे. वाक्याचा लपलेला कर्ता पत्राचा मायना होऊन बसला आहे.

पुढील समीक्षेने, दुर्दैवाने, ग्रेची वाट अधिक मळली. ‘नेग्लेक्टेड पोएट’ हा एक भावुक साचा तयार झाला आणि १७७० साली कोवळ्या वयात मृत्यू पावलेल्या चॅटर्टनपासून ज्याला त्याला त्यात बसविण्यात आले. वास्तविक प्रत्येक प्रकरण निराळे असते. टॉमस ट्रहर्न या सतराव्या शतकातील कवीची हस्तलिखिते १८९६-९७च्या हिवाळ्यात लंडनमधील जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर सापडली आणि कविता १९०३ साली छापून आल्या. या कवितांची दोनशेहून अधिक वर्षे कोणी उपेक्षा केली असे म्हणता येत नाही. जे माहीतच नव्हते त्याची उपेक्षा कशी होणार? जेरर्ड मॅन्ली हॉपकिन्स १८८९ साली वारला आणि त्याचा संग्रह १९१८ साली निघाला. मधल्या काळात कविता रॉबर्ट ब्रिजेसने जपून ठेवल्या होत्या. याला फार तर राखून ठेवणे म्हणता येईल, आणि ब्रिजेसने इतका विलंब का लावला हा स्वतंत्र वादाचा विषय आहे.

आपल्याकडेही हा विवेक पाळला गेलेला नाही. महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके ‘उपेक्षित’ राहिले, असे विधान विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत आणि कधीकधी त्यांच्या शिक्षकांच्या पुस्तकांतही आढळते. ते ग्रंथ पंथीयांनीच सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लिपीची किल्ली अभ्यासकांच्या हाती आल्यावर ते बाहेरच्यांना वाचता येऊ लागले. झाकलेल्याला उपेक्षिलेले म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. बहिणाबाई चौधरी १९५१ साली वारल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी ग्रंथरूपाने आली. ग्रंथ निघताच मराठी वाचकाने ती डोक्यावर घेतली. तेथेही ‘उपेक्षित’ हे विशेषण बसत नाही.

आता ‘उपेक्षा’ या शब्दाच्या मूळ घराण्याकडे वळले पाहिजे. ‘उप’ आणि ‘ईक्ष्’ मिळून झालेल्या या शब्दात न पाहणे नाहीच. जवळून पाहणे आहे. पाहूनही हात न घालणे, तटस्थ राहणे, हा त्याचा विकसित अर्थ. म्हणूनच बौद्ध परंपरेत मैत्री, करुणा, मुदिता यांच्या जोडीला चौथी भावना म्हणून उपेक्षेला स्थान मिळाले, आणि पतंजलीच्या योगसूत्रांतही पुण्यवंताविषयी मुदिता तर अपुण्यवंताविषयी उपेक्षा असा क्रम लागला. ज्या शब्दाला आपण आज दोष मानतो तो एकेकाळी साधकाचा गुण होता. राजनीतीत त्याचा तिसराच अवतार दिसतो. कामंदकाच्या ‘नीतिसारा’त साम, दान, भेद, दंड यांच्यापुढे माया, उपेक्षा आणि इंद्रजाल हे उपाय सांगितले आहेत. उपेक्षा हा राजाचा उपाय आहे, म्हणजे विचारपूर्वक योजलेले धोरण आहे. इंग्रजी राजकारणालाही ही कल्पना परकी नाही. अमेरिकी वसाहतींना त्यांच्या वाटेने जाऊ देणारे शहाणे, हितकारक दुर्लक्ष एडमंड बर्कने १७७५च्या भाषणात वाखाणले. आणि १९७० साली डॅनिएल मॉयनिहन यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पाठविलेल्या टिपणात, वंशप्रश्नाला काही काळ ‘सौम्य दुर्लक्षा’चा लाभ व्हावा, असे सुचविले. टिपण फुटल्यावर उठलेला गदारोळ स्वाभाविक होता, कारण दुर्लक्ष हे धोरण असू शकते ही कबुली त्यात लेखी मिळाली होती.

गुण, उपाय आणि दोष अशा तीन अर्थांपैकी केवळ तिसरा आधुनिक भारतीय भाषांत प्रबळ झाला. या स्थित्यंतरातील एक ठळक टप्पा म्हणजे रवींद्रनाथांचा ‘काव्येर उपेक्षिता’ हा १९०० सालचा निबंध, जो पुढे १९०७ साली ‘प्राचीन साहित्य’ या संग्रहात आला. रामायणातील ऊर्मिला, ‘शाकुंतला’तील अनसूया-प्रियंवदा, ‘कादंबरी’तील पत्रलेखा यांच्याविषयी हा निबंध आहे. हिंदीत महावीरप्रसाद द्विवेदींनी ऊर्मिलेचा धागा उचलला आणि मैथिलीशरण गुप्तांच्या ‘साकेत’पर्यंत तो पोहोचला. मला या निबंधात महत्त्वाचे वाटते ते त्याचे धारिष्ट. येथे उपेक्षिता कोण, हे सांगताना उपेक्षक कोण, हेही रवींद्रनाथ सांगतात : ते कवीच आहेत, वाल्मीकी, कालिदास, बाण. आदर पुरेपूर ठेवूनही बोट दाखविले आहे. जॉन्सनच्या पत्राची जात ती हीच.

मराठीत हा शब्द समाजाकडे वळला तेव्हा मात्र बोट आखडले. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत स्थापन केलेल्या ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’चे मराठी नाव ‘निराश्रित साहाय्यकारी मंडळी’ असे होते. ‘डिप्रेस्ड’ म्हणजे दाबलेले; दाबणारा हात त्या शब्दात जाणवतो. ‘निराश्रित’मध्ये केवळ छत्राचा अभाव उरतो. शिंदे यांच्या कार्याच्या थोरवीला याने बाध येत नाही, परंतु भाषांतरात काय गळाले ते पाहिले पाहिजे. श्री. म. माटे यांचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी पुण्यात वर्षानुवर्षे राबलेल्या माटे यांनी १९३३ सालच्या आपल्या ग्रंथाला ‘अस्पृष्टांचा प्रश्न’ हे नाव दिले. ‘अस्पृश्य’ हे कृत्यप्रत्ययान्त रूप : स्पर्श करण्यास अयोग्य. ‘अस्पृष्ट’ हे क्तान्त : ज्याला स्पर्श केला गेला नाही असा. एका प्रत्ययाच्या बदलाने अयोग्यतेचा निर्णय पुसला जातो आणि न शिवणाऱ्याची कृती पुढे येते. व्याकरणाने केलेले हे समाजकारण फार सूक्ष्म आहे. त्याच माट्यांनी १९४१ साली ‘उपेक्षितांचे अंतरंग’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. गावकुसाबाहेरच्या आणि डोंगरकपारीतल्या माणसांना मराठी कथेत इतक्या आपुलकीने तोवर फार थोड्यांनी आणले होते. पण शीर्षकातील शब्दाचे काय? माणसांना विहीर नाकारली होती, देऊळ नाकारले होते, शाळेचा ओटा नाकारला होता. ‘उपेक्षित’ म्हणताच हे सर्व नाकारणे राहून गेलेल्या कर्तव्यासारखे दिसू लागते. अँटनीने मागितलेली शब्दबदली येथे सद्भावनेने झाली, एवढाच फरक. आणि अंतरंग उघडले गेले ते उपेक्षितांचे. उपेक्षकांचे अंतरंग त्या काळच्या ललित वाङ्मयात जवळपास बंदच राहिले.

डॉ. आंबेडकरांच्या शब्दनिवडीकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. १९२४ सालची ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’, १९२७ सालचे ‘बहिष्कृत भारत’. बहिष्कार ही सकर्मक, सामुदायिक आणि जाणूनबुजून केलेली कृती आहे. त्या शब्दाला आडोसा नाही. सीझरने वापरलेल्या ‘नाकारले’ या क्रियापदाच्या जातीचा तो शब्द आहे. नावाचा प्रश्न त्यांना गौण वाटत नव्हता, याला दुसराही पुरावा आहे. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, १९३१च्या नोव्हेंबरात, रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह सादर केलेल्या पुरवणी निवेदनात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हे नाव हीनत्वदर्शक असल्याचे सांगून त्यांनी पर्यायी नावे सुचविली होती. पुढे रूढ झालेला ‘दलित’ हाही क्तान्तच शब्द आहे, परंतु दळण्याला जाते लागते आणि ते फिरवणारा हातही.

१९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, १९८० साली लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’, १९८४ साली शरणकुमार लिंबाळ्यांचे ‘अक्करमाशी’, १९८७ साली लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’. या शीर्षकांत ‘उपेक्षित’ कोठेही नाही. समाजाने ज्या नावाने हाक मारली, हिणवले, व्यवस्थेत जखडले, तेच नाव पुस्तकाच्या पाठीवर छापलेले आहे. हाक मारणारा कोण, हे वाचकाला आपोआप कळते. या ग्रंथांवरील समीक्षालेखांत मात्र ‘उपेक्षितांच्या व्यथेला वाचा’ हा वाक्प्रयोग मुबलक सापडतो. लेखकांनी जो शब्द टाळला तो समीक्षकांनी त्यांच्या गळ्यात घातला, हे आपल्या समीक्षाव्यवहाराविषयी काही सांगून जाते.

मग ‘उपेक्षित’ हा शब्द वापरूच नये काय? अवश्य वापरावा, जेथे माहिती होती आणि कर्तव्यही होते तेथे. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक १८८२ साली छापले गेले. ते कोणी लपविलेले नव्हते, सांकेतिक लिपीत नव्हते, हस्तलिखितात अडकलेले नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्याची बाजू घेतली, म्हणजे दखल घेणारा समकालीन वाचकही त्याला लाभला होता. त्यानंतर मराठी गद्याचे, निबंधाचे आणि स्त्रीविषयक सुधारणेचे इतिहास लिहिले गेले, अभ्यासक्रम ठरले, संपादने निघाली. स. गं. मालशे यांनी हे पुस्तक पुन्हा छापले ते १९७५ साली. मधल्या त्र्याण्णव वर्षांपुरते ‘उपेक्षित’ हे विशेषण त्याला चपखल बसते, आणि वाक्य कर्तरी प्रयोगात लिहायचे झाल्यास कर्त्याच्या जागी घालण्यासाठी नावेही मिळतात; बहुतेक आमच्याच विषयाच्या प्राध्यापकांची आणि इतिहासकारांची.